कॅनिस्टर फिल्टरची गळती: पंप बंद केल्यावर थेंब का वाढले?

माशांची टाकी चार फुटी, 120 × 45 × 50 सेंटिमीटर, पुण्याजवळ वाघोलीतल्या एका फ्लॅटमधली. आत मलावी सरोवरातले सिक्लिड, तळाला बारीक वाळू आणि वर दगडांचा ढीग. पाणी बोअरचं, जड, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 540 च्या आसपास. या माशांना असं क्षारयुक्त पाणी मानवतं, त्यामुळे मालकाने ते मुद्दाम बदललेलं नव्हतं. टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये ताशी सुमारे 1000 लिटर पाणी फिरवणारा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. चार वर्षं वापरलेला, चार खटक्यांचा, वर मोटर हेड आणि त्यावर दोन्ही नळ्या एकत्र धरणारा टॅप ब्लॉक.

तक्रार अशी होती: फिल्टरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातून, खटक्याच्या खालून पाणी ठिबकतं. मिनिटाला सहा थेंब. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला 430 मिलिलिटर होतात. कॅबिनेटच्या प्लायवूडचा तळ फुगायला तेवढे पुरेसे असतात, आणि इथे तो एका बाजूने फुगलाही होता.

मालकाने गप्प बसून पाहिलं नव्हतं. झाकणाची मोठी ओ-रिंग (सांध्यात पाणी अडवणारं रबरी कडं) नवीन टाकली होती, तिला पेट्रोलियम जेली चोपडली होती, खटके जोर लावून बंद केले होते. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा ठिबक सुरू. दुकानात विचारल्यावर उत्तर मिळालं, "बॉडीला तडा गेला असणार, नवीन फिल्टर घ्या." एक निरीक्षण मात्र त्याने नेमकं सांगितलं होतं, आणि सगळं प्रकरण त्यावरच सुटलं: फिल्टर साफ केला की गळती वाढते, दोन-तीन आठवड्यांत आपोआप कमी होते, पुढच्या सफाईनंतर पुन्हा वाढते. रिंग खराब असेल तर गळती काळाबरोबर वाढत जायला हवी. ती कमी का व्हावी?

आधी वीज

पाण्याला हात लावण्याआधी एक्स्टेन्शन बोर्ड कुठे आहे ते पाहिलं. तो कॅबिनेटच्या तळावरच, ठिबकेपासून वीतभर अंतरावर पडलेला होता. मेन स्विच बंद करून बोर्ड काढला आणि कॅबिनेटच्या बाजूच्या फळीवर, तळापासून 50 सेंटिमीटर उंच, स्क्रूने बसवला. वायर बोर्डाकडे येताना आधी बोर्डाच्या खालपर्यंत लोंबून मग वर चढेल अशी ठेवली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सर्वांत खालच्या वळणावर गळून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, होता, त्याचं टेस्ट बटण दाबून तो खाली पडतो याची खात्री केली. ज्या घरात हा नाही त्यांनी टाकीच्या सर्किटवर तरी तो बसवून घ्यावाच. मासे, हीटर, पंप आणि ओला हात एकाच ठिकाणी येतात, तिथे यात काटकसर नको.

गळतंय ते टाकीचंच पाणी आहे का?

हा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो. पण चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लावलेल्या टाकीत पाणी 22-23 अंशांवर असेल आणि बाहेर पावसाळी दमट हवा असेल, तर फिल्टरच्या अंगाला घाम सुटतो आणि लोक आठवडाभर गळती शोधत बसतात. इथे चिलर नव्हता, पाणी 27 अंश होतं, तरी तपासणी अर्ध्या मिनिटाची असल्याने केली. खाली बशी ठेवून जमलेल्या थेंबांचा टीडीएस मोजला: 550. हवेतली वाफ थंड होऊन जमलेली असती तर आकडा शून्याच्या जवळ आला असता. पाणी टाकीचंच.

पंप चालू, पंप बंद

आता मुख्य तपासणी. फिल्टर पूर्ण पुसून कोरडा केला, पंप चालू ठेवून थेंब मोजले: मिनिटाला 6. मग नुसता प्लग काढला, टॅप उघडेच ठेवले, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजले: मिनिटाला 14.

पंप बंद केल्यावर गळती दुपटीहून जास्त. याचं कारण कळण्यासाठी फिल्टरमधलं पाणी कसं फिरतं ते नीट पाहायला हवं. टाकीतून पाणी आत येणाऱ्या नळीने उतरतं, डब्याच्या तळाशी जातं, स्पंज आणि सिरॅमिक रिंग्जमधून वर चढतं, आणि शेवटी हेडमधल्या इम्पेलरपाशी, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांपाशी पोचतं. म्हणजे सगळा डबा पंपाच्या ओढीच्या बाजूला येतो. पंप डब्यात दाब निर्माण करत नाही, उलट तो डब्यातलं पाणी ओढून घेतो. डब्यावर जो दाब असतो तो फक्त वरच्या टाकीतल्या पाण्याच्या उंचीचा.

या टाकीत पाण्याची पातळी जमिनीपासून 120 सेंटिमीटरवर, टॅप ब्लॉक 38 सेंटिमीटरवर. म्हणजे ब्लॉकवर 82 सेंटिमीटर पाण्याचा दाब, पंप चालो वा न चालो. पंप चालू झाला की 16 मिलिमीटरच्या नळीतून पाणी सेकंदाला सव्वा मीटरहून अधिक वेगाने धावतं. नळीतलं घर्षण आणि तोंडावरच्या स्पंजचा अडथळा यांत यातला निम्मा दाब खर्च होतो, ब्लॉकपर्यंत उरतो तो 40 सेंटिमीटरच्या आसपास. पंप बंद, की घर्षण शून्य आणि पुन्हा पूर्ण 82. थेंबांचं 6 आणि 14 हे प्रमाण या हिशोबाशी जुळतं.

पंपाच्या पुढची बाजू, म्हणजे बाहेर जाणारी नळी आणि तिचा सांधा, नेमकी उलटी वागते. पंप चालू असताना तिथे उंचीच्या दाबावर पंपाचा दाब चढतो, बंद केल्यावर उतरतो. म्हणून पंप चालू असतानाच गळतं किंवा जास्त गळतं, तर बाहेर जाणारी बाजू तपासावी. बंद केल्यावर वाढतं, तर आत येणारी बाजू, डबा आणि झाकण. निम्मे संशयित या एका तपासणीत बाद होतात, आणि फिल्टर उघडावाही लागत नाही.

मालकाच्या निरीक्षणाचा उलगडाही यातच होता. सफाईत तो आत येणाऱ्या पाइपच्या तोंडावरचा स्पंज धुवायचा. स्पंज स्वच्छ, म्हणजे तिथे दाब कमी अडतो आणि ब्लॉकपर्यंत जास्त पोचतो, म्हणून गळती जास्त. स्पंज जसा तुंबेल तशी पंपाची ओढ आत वाढते आणि गळती कमी. दोष तितकाच होता, दाब बदलत होता.

टॅप बंद करून

दुसरी तपासणी: प्लग काढलेलाच ठेवून ब्लॉकवरचे दोन्ही टॅप बंद केले. दोन मिनिटांत ठिबकणं थांबलं. टॅपच्या वरचा भाग, म्हणजे नळीचा नट, नळीचं तोंड किंवा टॅपचा दांडा गळत असता, तर टाकीचं पाणी तिथे उभंच असल्याने गळती चालू राहिली असती. ती थांबली, म्हणजे दोष टॅपच्या खाली. उरले चार संशयित: झाकणाची मोठी रिंग, ब्लॉकच्या आत येणाऱ्या तोंडाची छोटी रिंग, प्राइमरच्या (सुरुवातीला फिल्टरमध्ये पाणी ओढून घेणाऱ्या) बटणाचं सील, आणि डब्याला तडा.

आता पाणी कुठून निघतं ते डोळ्यांनी पाहायचं होतं. थेंब जिथे पडतो तिथूनच पाणी निघत असेल असं धरून चालणं ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हेडच्या कडेला पन्हाळीसारखी खोलगट पट्टी असते, हँडल आतून पोकळ असतं, पाणी या वाटांनी हातभर प्रवास करून सर्वांत खालच्या कोपऱ्यातून टपकतं. लेव्हल बाटलीने पाहिलं तर फुगलेल्या प्लायमुळे फिल्टर पुढे डावीकडे झुकलेला निघाला. त्या कोपऱ्याचा दोष एवढाच की तो सखल होता.

फिल्टर पुन्हा पुसला, हेअर ड्रायरची थंड हवा फटींवर मारली. झाकणाच्या संपूर्ण सांध्यावर, प्राइमरभोवती आणि ब्लॉकच्या बुडाशी टॅल्कम पावडर कोरड्या ब्रशने पातळ भुरभुरली. टॅप उघडले, पंप बंदच. काही लोक इथे साबणाचं पाणी वापरतात. टाकीच्या कामात साबण टाळावा, त्याचा अंश पाण्यात गेला तर माशांच्या कल्ल्यांना अपाय होतो. पावडर फक्त बाहेरून लावायची आणि जोडणीआधी ओल्या फडक्याने पूर्ण पुसून टाकायची.

चौथ्या मिनिटाला ब्लॉकच्या मागच्या बाजूला, आत येणाऱ्या तोंडाखाली पावडर काळपट ओली झाली. मग ओल हेडच्या पन्हाळीत उतरली, उजवीकडून वळसा घेऊन पुढे आली आणि डाव्या खटक्याखाली थेंब लोंबला. झाकणाच्या सांध्यावरची पावडर ओघळाची वाट सोडून सगळीकडे कोरडी. प्राइमर कोरडा. तड्याची शक्यता बाद करायला पुढे डबा रिकामा झाल्यावर अंधारात आतून टॉर्च मारून कोपरे आणि खटक्यांच्या मुळाशी पाहिलं. तडा नव्हता.

उघडल्यावर

फिल्टर उघडण्याआधी टाकीत एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड सोडला. गर्दीच्या सिक्लिड टाकीत फिल्टर थांबला की आधी प्राणवायू कमी पडतो, अमोनिया नंतर. एका बादलीत टाकीचंच दहा लिटर पाणी घेऊन सिरॅमिक रिंग्ज आणि स्पंज त्यात ठेवले, तिथेही हवेचा दगड. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू या रिंग्ज आणि स्पंजवरच राहतात. बंद डब्यात साचलेल्या पाण्यातला प्राणवायू ते स्वतःच संपवतात, आणि क्लोरिन असलेल्या नळाच्या पाण्याने धुतलं तर ते मरतात. काम एक तास चाळीस मिनिटं चाललं, तेवढ्या वेळात ही काळजी घ्यावीच लागते.

ब्लॉक उचलल्यावर चित्र स्पष्ट झालं. बाहेर जाणाऱ्या तोंडाची रिंग मऊ आणि काळीभोर. आत येणाऱ्या तोंडाची रिंग टणक, एका बाजूला चपटी, तिच्या खोबणीत पांढऱ्या क्षाराचा खडबडीत थर, आणि थराला लागून रिंगेला नखाएवढी चीर. रिंगेची मूळ जाडी 3 मिलिमीटर. खोबणीच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत जागा 2.4 मिलिमीटर. नवी रिंग इथे 0.6 मिलिमीटर, म्हणजे 20 टक्के दाबली जाते, आणि त्या दाबल्या जाण्यामुळेच पाणी अडतं. व्हर्नियरने मोजलं तर जुन्या रिंगेची जाडी चपट्या बाजूला 2.5 भरली. दाब उरला होता 0.1 मिलिमीटरचा, आणि चिरेपाशी तेवढाही नाही.

हे कसं घडतं त्याची साखळी समजून घेण्यासारखी आहे. ब्लॉक दर सफाईला तिरका उचकटून काढला जात होता, रिंग कोरडी होती, त्यामुळे तिची एक कड घासली गेली. तिथून अगदी सूक्ष्म पाणी झिरपलं, वाळलं आणि जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट मागे ठेवून गेलं. त्या कणांवर ब्लॉक पुन्हा दाबून बसवला की ते रबराला कापतात. मग जास्त झिरपतं, जास्त क्षार साचतो. बोअरच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ब्लॉकच्या रिंगा झाकणाच्या रिंगेआधी का जातात, त्याचं कारण हे. सांध्याबाहेर दिसणारी पांढरी पूड ही गळतीची पहिली खूण समजावी. ती ठिबक सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिसू लागते.

झाकणाची नवी रिंग गळत नव्हती, पण तिची अवस्था बिघडत चालली होती. कोऱ्या रिंगेशेजारी टेबलावर ठेवली तर ती जवळपास दोन सेंटिमीटर लांब भरली, आणि खोबणीत ती एका बाजूला लाटेसारखी उठत होती. पेट्रोलियम जेलीचा परिणाम. पाण्याच्या सीलसाठी पुष्कळदा ईपीडीएम रबर वापरतात; ते पाणी आणि क्लोरिन उत्तम सोसतं, पण पेट्रोलियमजन्य पदार्थ शोषून फुगतं. एनबीआर म्हणजे नायट्राइल रबराला जेलीने काही होत नाही. आपली रिंग कोणत्या रबराची आहे हे पाहून सांगता येत नाही, म्हणून जेली टाळून शुद्ध सिलिकॉन ग्रीस वापरणं शहाणपणाचं, ते दोन्हींना चालतं. अपवाद एकच: रिंग सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीसनेही ती फुगू शकते.

खटक्यांवर जोर लावून काही साधत नाही. इथे झाकणाच्या सांध्यापासून पाण्याची उंची 90 सेंटिमीटर आणि झाकण 22 × 22 सेंटिमीटर. पंप बंद असताना पाणी झाकणाला सुमारे 43 किलोच्या जोराने वर ढकलतं, प्रत्येक खटक्यावर 11 किलो. खटका बसताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागत असेल तर आत बास्केट नीट बसलेली नाही किंवा मीडिया (स्पंज, सिरॅमिक रिंग्ज) जास्त भरलाय असं समजावं. तसाच दाबला तर प्लास्टिकचा कान तुटतो, आणि तो तुटला की खरंच नवीन फिल्टर घ्यावा लागतो.

दुरुस्ती

ब्लॉक आणि हेडवरची दोन्ही तोंडं एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड टाकून केलेल्या द्रावणाने साफ केली. ब्लॉक पूर्ण बुडवला. हेड बुडवलं नाही, तोंडांवर भिजलेला कापूस वीस मिनिटं ठेवला. क्षार विरघळताना बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की काम झालं. खोबणीत अडकलेला थर बांबूच्या टूथपिकने काढला. स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुई लावू नये, प्लास्टिकवर आडवा ओरखडा उठला तर पाण्याला कायमची वाट मिळते आणि कितीही नव्या रिंगा टाकल्या तरी ती बुजत नाही. शेवटी साध्या पाण्याने तीनदा धुतलं.

ब्लॉकच्या दोन्ही रिंगा एकदम बदलल्या. एक चांगली दिसत असली तरी तीही चार वर्षांचीच होती. कंपनीचा संच मिळाला तर तोच घ्यावा. नाही मिळाला तर आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजून बाजारातली घेता येते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या ठिकाणी मापाची ओ-रिंग काही रुपयांत मिळते. माप जुन्या चपट्या रिंगेवरून घेऊ नये. जाडी खोबणीवरून काढावी: खोबणीतल्या मोकळ्या जागेच्या सव्वापट, म्हणजे 2.4 ला 3. "थोडी जाड टाकू, घट्ट बसेल" म्हणून 3.5 ची टाकली तर ब्लॉक बसताना रिंग कातरली जाते.

ग्रीस बोटावर दिसेल न दिसेल इतकं. छोट्या रिंगेला मोहरीएवढं, झाकणाच्या रिंगेला वाटाण्याएवढं, तेही पूर्ण घेरात पसरवून. रिंग फक्त चकाकली पाहिजे. जास्त लावलं की वाळूचे कण आणि स्पंजचे धागे त्याला चिकटतात, आणि या टाकीत बारीक वाळू होती. झाकणाची रिंग बसवल्यावर तिच्याखालून पेन्सिलची बोथट बाजू एकदा पूर्ण फिरवली, म्हणजे पीळ निघून जातो. ब्लॉक तिरका न घालता सरळ वरून दाबला.

सिलिकॉन सीलंट, टेफ्लॉन टेप, इपॉक्सी पुट्टी यांतलं काहीही ओ-रिंगच्या जागी लावू नये. सीलंट फिल्टरच्या प्लास्टिकला नीट धरत नाही आणि खोबणीत त्याचे तुकडे राहिले की पुढची रिंग कधीच सपाट बसत नाही.

पाणी भरताना

कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधी फिल्टर बाहेर एका कोरड्या टबात ठेवला, खाली वर्तमानपत्र. आधी बाहेर जाणारा टॅप उघडला, मग आत येणारा. पाणी स्वतःच्या उंचीने उतरतं आणि डब्यातली हवा बाहेर जाणाऱ्या नळीतून निघून जाते. फिल्टर दोन-तीनदा हलकेच तिरका करून अडकलेले बुडबुडे सोडले. पंप लगेच लावला नाही. बंद अवस्थेत सांध्यांवर सर्वांत जास्त दाब असतो, म्हणून खरी परीक्षा तीच; पंप लावून पाहिलं तर लहान दोष लपतो. अर्धा तास तसाच ठेवला, ब्लॉकभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळून. पट्टी कोरडी. मग पंप सुरू करून आणखी अर्धा तास, या वेळी बाहेर जाणाऱ्या सांध्यासाठी. तीही कोरडी. त्यानंतर फिल्टर आत गेला, झुकाव काढायला खाली 6 मिलिमीटर जाडीची रबरी चटई, आणि वर उथळ प्लास्टिकचा ट्रे.

एक बदल गळतीशी थेट संबंध नसताना केला. आत येणाऱ्या पाइपचं तोंड टाकीच्या तळापासून बारा सेंटिमीटरवर होतं. रात्री झाकणाची रिंग पूर्ण सुटली असती तर पाणी तिथपर्यंत उतरलं असतं, म्हणजे दगड-वाळूची जागा वजा करूनही दीडशेच्या घरात लिटर फरशीवर. पंधरा चौरस मीटरच्या खोलीत ते सेंटिमीटरभर उभं राहतं. स्ट्रेनर, म्हणजे या तोंडावरची जाळी, वर घेऊन तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीस सेंटिमीटरवर आणला. परतीच्या पाइपलाही, पाण्याच्या पातळीखाली बोटभर, 3 मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे पातळी तिथे उतरली की हवा शिरते आणि उलट सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा टूथपिक घालून पाहावं लागतं. तळाजवळची घाण उचलण्याचं काम थोडं कमी होतं हे खरं, ते आठवड्याच्या सायफन सफाईवर टाकलं.

पहिले सात दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासले, दोन्ही शून्यावर राहिले; त्या आठवड्यात खाणं निम्मं ठेवलं होतं. ट्रेमधली टिश्यूची पट्टी तीन आठवडे कोरडी होती. नंतर तोंडावरचा स्पंज धुऊन, म्हणजे पूर्वी जेव्हा गळती उसळायची नेमक्या त्या स्थितीत, पंप बंद करून अर्धा तास पुन्हा पाहिलं. एकही थेंब आला नाही. ब्लॉकच्या रिंगांना आता दर सफाईला ग्रीसचा हात आणि दर दोन वर्षांनी नवा जोड, असं वेळापत्रक कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, रिंगेच्या मापासकट.